ढाळजेतली अमेरिका

अमेरिका मी पाहिली ती पूर्णा नदीच्या काठी, एका मातीच्या घराच्या ढाळजेत. दोन-अडीच वर्षं रोज सकाळी चूळ भरताना पाहिली. आमच्या भागातून कुणी बोटीत बसून तिकडे गेलं असेल, तर त्यानेही माझ्याइतकी पाहिली नसेल. त्याला तिथे कामं असणार. मला संध्याकाळी पाचनंतर काहीच काम नसे.

हैदराबादचं राज्य जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो होतो आणि येलदरीला धरण बांधायचं ठरलं होतं. त्या धरणाच्या दफ्तरात मी ट्रेसर होतो. इंजिनियरने पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि ट्रेसरने त्यावर मेणकट, आरपार दिसणारं कापड पसरून त्याच्या रेघा शाईने गिरवायच्या. स्वतःची एक रेघ काढायची नाही, दुसऱ्याची एक चुकवायची नाही. माझी रेघ इतकी बारीक असे की मुंगीसुद्धा ती ओलांडताना थांबून पाय पुसून घेई. बाद झालेलं कापड गरम पाण्यात धुतलं की त्याची खळ निघे आणि खाली मलमलीसारखं तलम सुती कापड उरे. दफ्तरातल्या यच्चयावत पोरांची झबली त्याच कापडाची होती. एखादी हट्टी रेघ धुऊनही जात नसे, त्यामुळे कुणाच्या बाळाच्या पोटावर सांडव्याचा छेद, तर कुणाच्या पाठीवर कालव्याचा चढउतार दिसे. माझ्या वाट्याच्या कापडाचे मी रुमाल केले. झबलं घालणारं माझ्याकडे कुणी नव्हतं.

आमचे मोठे साहेब अमेरिकेत राहून धरणं शिकून आले होते. ते उंचीने एवढे होते की दारातून आत आले तरी त्यांचं डोकं जरा वेळाने येई. येताना त्यांनी एक कॅलेंडर आणलं होतं. बारा पानं, बारा चित्रं. तिकडच्या नामांकित इमारती, पूल आणि चित्रकारांची नावाजलेली चित्रं. वर्ष सरल्यावर ते टोपलीत जायला निघालं, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, मागची बाजू कोरी आहे, कच्च्या आकडेमोडीला होईल." त्यावर मी एकही आकडा मांडला नाही. ब्लेडने तारखांच्या पट्ट्या तेवढ्या कापून टाकल्या.

मग दफ्तर शहरातून उठून धरणावर आलं, पण तिथले क्वार्टर तेव्हा फक्त नकाशावर होते. मीच गिरवले होते, म्हणून मला खात्रीने माहीत होतं की त्यांत राहता येत नाही. जागा गावातच शोधायला हवी होती. कॅलेंडरची गुंडाळी काखेत आणि पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन मी गावभर फिरलो. शेवटी एका घरापाशी थांबलो. घर लहान, वर मातीचं माळवद, दाराशी दोन बैल. आत पन्नाशीचं जोडपं, मुली नांदायला गेलेल्या. दारातून शिरल्या शिरल्या पाहुण्यांना बसवायची जी ओसरीसारखी जागा असते, ती ढाळज मोकळी होती. पुढे ज्यांना मी काका म्हणू लागलो, ते तिथे अंबाडीचा दोर वळत बसले होते.

"गाव कोणतं?"

"पालमकडचं."

"घरी कोण कोण हाय?"

मी ट्रंक खाली ठेवली आणि ती नीट ठेवण्यात बराच वेळ घालवला.

"सरळ इचारायलोय," काका म्हणाले. "उद्या तुला ताप आला, धरणावरून पाय घसरला, तर सांगावा कुणाला धाडायचा? ज्याच्या मागंपुढं कोणी न्हाई त्याला आमी जागा देत न्हाई. आमच्या जिवाला घोर नको."

माणूस वाईट नव्हता, प्रश्नही रास्त होता. मी तीन वर्षांचा असताना पटकीच्या साथीत आई आणि वडील एकाच आठवड्यात गेले. मामाने मॅट्रिकपर्यंत पोसलं आणि मग तोही गेला. आईवडलांचा एक फोटो नाही. वडलांचा चेहरा मला अंदाजानेही सांगता येत नाही. आईचा एक हात आठवतो, म्हणजे आठवतो असं मी धरून चाललो आहे.

मी काखेतली गुंडाळी सोडली, एक पान काढलं आणि काकांच्या पुढ्यात धरलं. "हे वडील. ही आई."

ते चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हसू येईल. पांढऱ्या लाकडी घरासमोर एक म्हातारा उभा आहे. गोल चष्मा, टक्कल, अंगात शेरवानीसारखा काळा कोट, हातात तीन दातांचं दाताळं. ओठ असे मिटलेले, की उसनं मागायला आलेला माणूस रामराम करूनच परत जाईल. शेजारी एक बाई. केस चापून बसवलेले, गळ्याशी एक बिल्ला, नजर आपल्याकडे नाही, म्हाताऱ्याच्या पलीकडे कुठेतरी.

काकांनी पान उन्हात धरलं. "लय गोरे हायत."

"आमच्याकडं सगळेच गोरे. मी धरणाच्या उन्हात करपलो."

"कालच आलास ना धरणावर?"

"ऊन लय हाय."

काकू आतून हात पुसत आली. तिने आधी बाईकडे पाहिलं. "माय लय तरणी दिसती."

"वडील जन्मतःच म्हातारे होते," मी म्हणालो.

"आन कपाळ मोकळं काऊन? नवरा शेजारी उभा हाय की."

"रंगवणाऱ्याचा लाल रंग संपला होता."

काकू वळली. आत गेली, करंडा घेऊन आली आणि अंगठ्याशेजारच्या बोटाने त्या अमेरिकन बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मी दचकलो. ज्या चित्रासमोर तिकडे रांगा लागतात असं साहेब सांगत, त्याची कळा एका बोटाने बदलली होती. पण लाल ठिपका पडला आणि ती बाई पहिल्यांदा या घरातली वाटली. काका म्हणाले, "ट्रंक तिकडं कोपऱ्यात ठेव."

भिंतीवर मी चार पानं लावली. बाकीची ट्रंकेत ठेवली, कारण काकूच्या मते भिंतीला एवढं ओझं सोसणार नव्हतं.

पहिलं पान समुद्राच्या तोंडावरच्या लाल पुलाचं. दोन खांबांवरून दोर सोडलेले आणि त्या दोरांना सगळा पूल टांगलेला. मी काकांना सांगितलं की त्याचे दोर वळायला एक लाख माणसं अंबाडी सोलत बसली होती. त्यांनी हातातला दोर खाली ठेवून चित्र निरखलं आणि म्हणाले, "खोटं. अंबाडी इतकी लांब येत न्हाई. पर वळणारा जाणकार हाय. दोन्हीकडं ताण सारखा हाय." तारांचा तो झोल बघत मी कैक संध्याकाळी घालवल्या होत्या, पण तो एवढा का आवडतो ते मला तेव्हा कळलं.

दुसरं, धबधब्यावर बांधलेल्या घराचं. रानात ओढा, ओढ्याला कडा, आणि कड्यावर घर. त्याचे लांबरुंद सज्जे खाली एकही खांब नसताना पाण्यावर पुढे आलेले. मी ते घर बाद कापडाच्या तुकड्यावर शाईने अकरा वेळा गिरवलं. गिरवताना कळलं की बांधणाऱ्याने कड्यातल्या खडकाच्याच थरांसारखे सज्जे एकावर एक रचले आहेत. खालून वर येणारी रेघ खडकात सुरू होते आणि घरात संपते. काकांना मात्र एक शंका होती. "आतल्या माणसाला धबधबा दिसतो का?"

"न्हाई. तो खाली हाय."

"म्हंजी नुसता आवाज. दिसत कोणी न्हाई, आन आवाज दिवसभर." त्यांनी मान हलवली. "एकट्या माणसानं ऱ्हाऊ ने तिथं."

तिसऱ्यात वाळक्या गवताचा एक उतार. वर टोकाला घर, गोठा. खाली गवतात गुलाबी कपड्यातली एक पोरगी पाठमोरी बसलेली, घराकडे बघते आहे. मला वाटे रानात बसून आराम करते आहे. काकूने जवळ जाऊन पाहिलं. "हिचे हात बग. वाळक्या काटक्या. ही बसली न्हाई बाबा, ही सरकत चाललीय. पाय न्हाईत हिला." नंतर मी साहेबांना विचारलं. त्या मुलीचे पाय खरंच गेलेले होते, ती शेतातून हातांवर सरकत घरी जाई. मी ते पान कितीतरी महिने पाहत होतो. काकूने ते चूल पेटायच्या आत वाचलं.

चौथं माझ्या आईवडलांचं.

आईवडील मिळाले की त्यांच्याबद्दल बोलावं लागतं. लोक संध्याकाळी ढाळजेत टेकायला येत आणि मी सांगत असे. वडील निजामाच्या जंगलखात्यात मुलाजिम होते, त्याच दाताळ्याने त्यांनी एका झटक्यात तीन लांडगे टोचले, एकेका दाताला एक. चौथा लांडगा दात शिल्लक नाही असं बघून आपणहून परत गेला. चष्मा हैदराबादचा. खुद्द सरकारने दिला, कारण वडलांची नजर इतकी तेज होती की काचेशिवाय बघितलं तर समोरचा कापूस पेटे. माणसं हसत आणि उठून घरी जात. काका शेतावर निघताना त्या म्हाताऱ्याला रामराम घालत. मग ढाळजेत मी आणि ते दोघं. तेव्हा मी चित्र नीट बघे. दाताळ्याचा आकार म्हाताऱ्याच्या छातीवरच्या शिवणीत पुन्हा येतो, मागच्या खिडकीच्या चौकटीत पुन्हा येतो. साधं शेतकऱ्याचं घर, पण त्याला खिडकी बसवलीय ती टोकदार कमानीची, देवाच्या घराला शोभावी तशी. बाईच्या खांद्यामागे ओट्यावर कुंड्या आहेत. चापून बसवलेल्या केसांतून एक बट मानेवर सुटली आहे. ती बट तिला माहीत नाही. मला माहीत होती. कुणाच्या तरी बाबतीत एवढं तरी मला माहीत होतं.

दिवाळी आली. दफ्तर बंद, ज्याचा तो आपापल्या गावी. काकूने पितळी डबा भरून करंज्या दिल्या आणि वर एक चोळीचा खण ठेवला. "मायला दे. म्हणावं, ल्योक नीट ऱ्हातो."

मी एस.टी.त बसलो. पालमला जाऊन कुणाकडे उतरणार होतो? परभणीच्या स्टेशनावर उतरलो आणि तीन दिवस तिथल्या बाकावर राहिलो. एका हमालाला सांगितलं की मनमाडची गाडी धरायची आहे. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सांगायला आला की गाडी कालच गेली. तिसऱ्या दिवशी त्याने सांगायचं सोडलं, नुसता येऊन शेजारी बिडी ओढून गेला. करंज्या मी एकट्याने खाल्ल्या. पोटभर गोड खाऊनही माणसाचं तोंड कोरडं पडतं हे मी तिथे शिकलो. खण ट्रंकेत लपवायला ठेवला.

परत निघताना आठवलं की आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण घरचं असावं लागतं. मी हलवायाकडून शंकरपाळे भरून घेतले.

काकूने एक तोंडात टाकला. "हे बाजाराचं हाय."

"आईचा हात पोळलाय."

"कशानं?"

"तेलानं. करंज्या तळताना."

ती कळवळली. वर्षभर तिने त्या हाताची चौकशी केली. मी जिंतूरला जरी गेलो तरी तिकडून आईला धाडायला कोरफडीचं पान कागदात बांधून देई. पुढच्या दिवाळीला पुन्हा डबा, पुन्हा खण, पुन्हा स्टेशन. हमालाने मला ओळखलं आणि शेजारी बसून बिडी पेटवली. पुन्हा बाजारचे शंकरपाळे. "दोन वरीस हात बरा होईना म्हंजी काय," काकू म्हणाली, "हैदराबादला दाखवा बाबा."

त्याच हिवाळ्यात साहेबांना मी सहज विचारलं, ते दाताळंवालं जोडपं कोण? साहेब हसले. "लोक जोडपंच समजतात. ते बाप आणि लेक आहेत. आणि खरं तर तेही नाही. चित्रकाराने आपल्या बहिणीला उभं केलं, आणि त्याच्या दातांचा डॉक्टर होता, त्याला. दोघांना वेगवेगळं काढलं. एकत्र ते उभेसुद्धा राहिले नव्हते. घरही भलत्याचंच."

मी जागेवर येऊन बसलो आणि त्या दिवशी माझी पहिली रेघ चुकली. मला वाटलं होतं, खोटं मी बोललो. ती दोघं आधीपासूनच माझ्यासारखी होती. कुणी कुणाचं नाही, घर आपलं नाही, आणि चेहरे असे करून उभे की जन्मभर इथेच आहोत.

आठ दिवसांनी काकांनी धोतर धुऊन वाळत घातलं. "भाचीचं जमवायला पालमला जायलोय. तुझ्या बापाला भेटूनच येतो. मायचा हातबी बगतो."

दुपार होती. काकू सुपात तूर निवडत होती. गाव सांगून चुकलो होतो. काका दोन घरी विचारणार आणि सगळं बाहेर पडणार, आणि मग ट्रंक पुन्हा डोक्यावर. सांगितलं तरी तेच, न सांगितलं तरी तेच. निदान त्यांची फेरी वाचेल.

"काका, तिथं जाऊ नका. तिथं कोणी न्हाई."

"गावाला गेलेत?"

"पटकीनं गेले. मी तीन वर्षांचा होतो." मी पुढचं सगळं एका दमात सांगितलं, एकही लांडगा न घालता. स्टेशन, हलवाई, डॉक्टर, बहीण. ट्रंक उघडून दोन्ही खण काढून सुपाशेजारी ठेवले.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. "म्हंजी मी रोज सकाळी दात उपटणाऱ्याला रामराम घालायलो."

"हो."

"मंग आता सांगावा कुणाला धाडायचा?"

या प्रश्नाला मी पहिल्या दिवशी चित्र दाखवलं होतं. आता दाखवायला काही नव्हतं. "कोणालाच न्हाई," मी म्हणालो.

काकू उठली. पदराचं टोक ओलं करून तिने चित्रातल्या बाईचं कुंकू पुसलं. "लेक हाय तर लगीन झालं का न्हाई, कुणाला ठावं. मी कोण लावणारी." कागदावर फिकट गुलाबी डाग राहिला. ती तशीच उभी राहून बघत होती. "मंग हिची माय कुठाय?"

हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"खिडकीला पडदा वडलाय," काकू म्हणाली. "आत हाय."

काकांनी विचारलं, "आत काय करायलीय?"

"काम. दुसरं काय करती बाई. ह्या कुंड्यांना पाणी कोण घालतं?"

काका दुसऱ्या दिवशी पालमला गेले. जाताना त्यांनी म्हाताऱ्याला रामराम घातला नाही, मलाही नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "क्वार्टर होईस्तोवर ऱ्हा." त्यांच्या शब्दाला ते चुकले नाहीत आणि मीही नाही. पावसाळ्याआधी क्वार्टर झाले, मी ट्रंक उचलली. काकूने ते पान काढू दिलं नाही. "तिला कुठं नेतो? माय आत हाय तिची." मग नेहमीचा पितळी डबा माझ्या हातात दिला. "रिकामा आणलास तरी चालंल."

पत्र्याच्या क्वार्टरात मी लाल पूल, धबधब्यावरचं घर आणि गवतातली पोरगी घेऊन राहिलो. पोरीला खाटेसमोर लावलं. धरणावर खडक फोडणारे सुरुंग दिवसभर उडत. दिसत कोणी नसे आणि आवाज दिवसभर, काका म्हणाले होते तसा. ढाळजेत कधी लांडग्यांची गोष्ट रंगली की माणसं हसायची. इथे मी ती एकदा भिंतीला सांगून पाहिली. भिंत पत्र्याची, तिने ती जशीच्या तशी परत केली.

दिवाळीला दफ्तर बंद झालं. या खेपेस परभणीला गेलो नाही. स्टोव्ह पेटवला, मैदा भिजवला, शंकरपाळे केले. पहिली खेप काळी झाली, दुसरी तेलात विरघळली. तिसरी इतकी टणक झाली की धरणाच्या पायात घातली असती तर सिमेंट वाचलं असतं. पण कोपरे मात्र सगळे सारखे, पट्टी लावून कापलेले. डबा भरून मी गावात गेलो.

काका दोर वळत होते. भिंतीवर ती दोघं जागच्या जागी, बाईच्या कपाळावर गुलाबी डाग, मागे पडदा तसाच. काकूने एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि फार वेळ काही बोलली नाही. बोलणं शक्यच नव्हतं.

"हे बाजाराचं न्हाई," शेवटी ती म्हणाली.

"न्हाई."

"कुणी केलं?"

माझ्या जिभेला जुनी सवय. "आईनं," मी म्हणालो.

काकांचे हात थांबले. काकूने डब्यातून दुसरा उचलला, उलटासुलटा करून कोपरे पाहिले आणि तोही दाढेखाली धरला.

"बरं झालं म्हणावं," ती म्हणाली. "हात बरा झाला तिचा."